निळा डाग

रेवतीने बाही वर केली आणि डोळे घट्ट मिटले. रक्त काढणारी मुलगी तिच्या दंडाला पट्टा बांधू लागली. शेजारी तिची आई कुंदा बसली होती.

हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर मिहिर होता, कुंदाचा थोरला, रेवतीचा भाऊ. रक्ताचा कर्करोग. याच दुखण्याने त्याचे वडील मधुकर ऐन चाळिशीत गेले होते. बापलेकांना जरा कुठे लागलं की अंगावर निळे डाग उठायचे. "घराण्याची खूण आहे ती," असं मधुकर मोठ्या ऐटीत सांगायचे. कसली आलीय ऐट! डॉक्टर म्हणाले, दोष रक्त बनवणाऱ्या जनुकातच आहे, बापाकडून पोरांत उतरायची शक्यता निम्मी. बहिणीचा बोनमॅरो जुळला तर मिहिर वाचेल, पण तिच्यात हा दोष नाही ना, ते आधी बघायला हवं.

तेव्हापासून रेवतीची झोप उडाली होती. भांडुपच्या घरी रोज अंघोळ घालताना ती चिमुकल्या गार्गीचं अंग न्याहाळायची. परवा पोरीच्या नडगीवर निळा डाग दिसला, तर तो साबणाने निघतो का, ते ती घासून बघत राहिली. मेलेला बाप आपल्या लेकीच्या कातडीखाली फिरतोय, असं तिला वाटायचं.

लहानपणी मिहिर तिला चिडवायचा, "तुला बोहारणीकडून घेतलंय, दोन जुन्या साड्या देऊन!" सगळेच थोरले भाऊ हा उद्योग करतात. पण पोरांवर कधी हात न उगारणाऱ्या कुंदाने त्या दिवशी त्याच्या फाडकन मुस्काटात दिली होती.

"आई, गार्गीतही असेल ना गं हे?" रेवतीने डोळे न उघडताच विचारलं.

कुंदाला राहवेना. एक वाक्य बोललं की ही पोर या भुताच्या तावडीतून सुटेल. पण त्याच वाक्याने ती दुरावेलही. तिने त्या मुलीचा सुई धरलेला हात अडवला.

"नाही. तुझ्यातही नाही. तू माझ्या पोटची नाहीस, रेवा. अनाथाश्रमातून आणली तुला, तान्ही होतीस. आमचं रक्त नाही तुझ्यात."

रेवतीने डोळे उघडले. कुंदाने मान खाली घातली. आता ही विचारेल, मग माझी आई कोण? इतकी वर्षं का लपवलंत?

रेवतीने वर छताकडे पाहिलं.

"मग दादाला बोनमॅरो कोण देणार गं?"