दोन इंच जास्त

शेजारच्या आदेशनं सस्पेन्शन बदलून आपली पिकअप दोन इंच उंच करून आणली, तेव्हापासून ओमप्रकाशच्या पोटात दुखत होतं. शेताकडच्या कच्च्या पांदणीत त्याच्याही गाडीचं पोट घासायचं, पण दुखणं त्याचं नव्हतं. रोज सकाळी सावंगीला ड्यूटीवर निघताना त्याची मंजुषा गाडीत बसायच्या आधी घटकाभर आदेशच्या गाडीकडे बघत उभी राहायची. बायकोची ती नजर त्याला सहन होईना. त्यानं थेट गॅरेज गाठलं.

"रोजच्या वापराची गाडी हाय, भाऊ. दोन इंच लय झाले," मिस्त्री म्हणाला.

"आदेशची किती केली?"

"दोनच."

"मंग माही चार कर."

दुसऱ्या दिवशी मंजुषानं एका हातानं निऱ्या वर धरल्या, दुसऱ्या हातानं दार पकडलं, दोनदा पाय उचलला अन् दोनदा खाली ठेवला. मग पुन्हा तिची नजर शेजारच्या अंगणात गेली.

ओमप्रकाश भडकला. "आता काऊन पाहून राह्यली तिकडं? त्याच्याहून उंच हाय ना आपली!"

"उंची कोन पाह्यते?" ती म्हणाली. "त्यानं आपल्या बायकोले चढाले पायरी लावून देल्ली. मी त रोज थेच पाहून राह्यली."