जागेवरचे दगड

पुण्याच्या एका चर्चची वीस तरुण मंडळी चिखलीजवळच्या खेड्यात तीन दिवसांच्या सेवेला आली. शंभर वर्षांपूर्वी इथे सुवार्ता आणणाऱ्या गोऱ्या पाद्र्याच्या कबरीवर प्रार्थना करायची आणि कब्रस्तानाची पडकी भिंत बांधून द्यायची, असा बेत. त्यांच्यासाठी भाकरी थापून थापून रूथबाईचे हात भरून आले, पण तिला कोण कौतुक! "आपल्या मेलेल्यांची येवढी काळजी कोन करते?" ती गावभर सांगत सुटली.

तिसऱ्या दिवशी ती झेंडूची फुलं घेऊन कब्रस्तानात गेली. नाव कोरून घ्यायची ऐपत गावात कोणाचीच नव्हती. जो तो आपल्या माणसाच्या उशाशी शेतातला एक दगड रोवायचा आणि जन्मभर तो ओळखायचा. रूथबाईच्या लेकाचा तांबूस होता, एका कोपऱ्याला फुटका.

पाद्र्याच्या कबरीवर नवी फरशी चकाकत होती. बाकी जमीन अंगणासारखी साफ.

"बघा आजी, कशी झालीय भिंत!" त्यांचा म्होरक्या नोएल म्हणाला. "बाहेरून एक दगड आणावा लागला नाही. इथेच किती पडले होते!"

रूथबाई भिंतीच्या कडेकडेने, दगडांवरून हात फिरवत चालू लागली.

"आजी, तुमचं कोणी आहे का इथे? सगळे मिळून प्रार्थना करू."

"हाये ना, माहा लेक. थांब जरासा बाप्पा, तुमी त्याले कुठी चिणलं तेच पाहून राह्यली."