आई नाही

खिडकीच्या कट्ट्यावर जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी, बरणीला टेकवलेला फोन, आणि फोनसमोर ताठ बसलेली कुंदुझ. नारीन प्रांतातल्या त्या डोंगराळ गावात, त्या घरात, रेंज येते ती एवढ्या टीचभर जागेत. गेला अख्खा हिवाळा पोरीनं या कट्ट्यावरच काढला होता. कुठलं कॉलेज काय शिकवतं, कुठं वसतिगृह आहे, कुठं फी माफ होते, सगळं इथूनच हुडकलं. त्यातलं जे मनात भरलं, त्याच कॉलेजची बाई आता पार सायबेरियातून तिची मुलाखत घेत होती.

मुलाखत झकास चालली होती. गुरांचीच डॉक्टर का व्हायचंय, असं बाईनं विचारलं. "मेंढ्या माणसांपेक्षा कमी कुरकुरतात," कुंदुझ म्हणाली. बाई हसली. मागं चुलीपाशी कुंदुझची आजी ऊपोल कणकेचे गोळे, बोर्सोक, तळत होती. तिला रशियन ओ की ठो कळत नाही, पण बाई हसली की ती दुप्पट हसायची.

"एक सांग," बाई म्हणाली. "अर्जात आईचं नाव ऊपोल लिहिलंयस, आणि वय शहात्तर. काहीतरी चुकलंय ना?"

कुंदुझनं जीभ चावली. आमच्याकडं थोरलं लेकरू आजी-आजोबांच्या ओटीत घालायची रीत. ते आजीला आई म्हणतं आणि जन्म देणारीला ताई. त्यात कुणाला काही वाटत नाही. सवयीनं हात लिहून गेला होता.

"ती आजी आहे. मी तिला आई म्हणते."

"मग आई?"

"आई... नाही."

इथं नाही, असं तिला म्हणायचं होतं. शेजारच्या घरात असते, वडील नि धाकटी भावंडंही तिकडंच असतात, एवढं सगळं सांगायचं होतं. पण 'आई नाही' या शब्दांचे रशियनमध्येही दोन अर्थ होतात, आणि बाईनं नेमका नको तो घेतला. तिनं चष्मा काढून हातात धरला.

"अगं बाई! लहानपणीच गेली?"

चूक निस्तरायला एक वाक्य पुरलं असतं. पण बाई बोलतच राहिली. फीमाफीच्या बाकी जागा भरल्या, हे तुला कसं सांगावं याच विवंचनेत मी होते म्हणाली. आता आई नसलेल्या मुलांसाठीची एक जागा शिल्लक आहे, वसतिगृहही फुकट, तुझं नाव तिथं घालते.

"हो," कुंदुझ म्हणाली. "लहानपणीच."

बाईनं ते लिहून घेतलं, मग मान वर केली.

"तुझ्यामागं त्या कोण गं?"

कुंदुझनं वळून पाहिलं. उंबऱ्यात जिपार उभी होती, तिची जन्मदाती. मोठ्या कामाच्या दिवशी शकुनाचं काही पांढरं पोरीच्या ओठाला लागावं, म्हणून गरम दुधाचा वाडगा घेऊन सासूच्या घरी आली होती. लग्नाआधी ती मॉस्कोत एका खानावळीत भांडी घासायला होती. रशियन तिला पोरीपेक्षा चांगलं येतं. कधीपासून उभी होती कोण जाणे. चेहऱ्यावरून तरी सगळं ऐकलेलं दिसत होतं.

आता ही ओरडणार, कुंदुझला वाटलं. ओरडू दे, एकदाची सुटेन तरी.

जिपारनं डोक्याचा रुमाल सारखा केला आणि फोनसमोर वाकली.

"नमस्कार. मी हिची ताई."

खोटं कुठं बोलली? पोरगी जन्मभर तिला तेच तर म्हणत आलेली.

"तोंडावळा अगदी एक आहे हो दोघींचा," बाई म्हणाली. "आईमागं तुम्हीच केलंत का हिचं?"

"आजीनं केलं. मी आपली येऊन-जाऊन."

बाईला भरून आलं. आमच्या मोठ्या साहेबांचा आणखी एक फोन येईल, ते तुमच्याशीही बोलतील, मग सगळं पक्कं, असं सांगून तिनं फोन ठेवला.

"काय म्हणाली गं?" ऊपोल झारा घेऊनच पुढं आली. "जिपार, अगं सांग की!"

"घेतलं म्हणाली, आई."

"घेतलं! बघ, तू दूध घेऊन आलीस नि घेतलं! पायगुणाची गं माझी सून!" तिनं सुनेचा मुका घेतला, बोर्सोकचं ताट उचललं आणि कुंपणापलीकडच्या शेजारणीला सांगायला ती अंगणात पळाली.

आत दोघीच उरल्या. कुंदुझला मान वर करवेना.

"ताई, मला तसं म्हणायचं नव्हतं गं. पहिल्यांदा नव्हतं."

"दुसऱ्यांदा होतं," जिपार म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं दुधावरची साय बोटानं बाजूला केली आणि वाडगा पोरीच्या हातात दिला. "पी. निवतंय."

"नको."

"पी म्हणते ना."

कुंदुझनं घोट घेतला.

"आणि एक सांगून ठेव," जिपार म्हणाली. "मी मेले कशानं? साहेबांचा फोन आला तर तू एक सांगशील नि मी भलतंच."

वाडगा हिंदकळला, दूध मांडीवर सांडलं. जिपारकडं बघून जो शब्द कुंदुझनं उभ्या जन्मात कधी उच्चारला नव्हता, तो तिच्या तोंडून निघाला.

"आई!"

"ओ!" अंगणातून ऊपोलनं ओ दिली. "आले गं बाळा, आले!"