साक्षीतलं नाव

रविवारच्या उपासनेत सॅम्युएल साक्ष द्यायला उभा राहिला. "माझ्या आईले आताशा काही आठवत नाही. परवा ती कन्हानच्या बाजारात हरवली. देवानं एक माणूस पाठवला, त्यानं तिले घरी आणलं." एवढं बोलून तो घाईनं खाली बसला.

"नाव काहून नाही सांगितलं तुम्ही?" बायकोनं हळूच विचारलं.

"लोकांले आवडणार नाही."

"अन् देवाले?"

गीत सुरू झालं. न राहवून सॅम्युएल मध्येच पुन्हा उठला.

"त्या माणसाचं नाव रवींद्र ढोमणे. आपलं प्रार्थनाघर बंद करा म्हणून अर्ज देणारे तेच. आई रडून राहिली होती, तर रस्ताभर तिचा हात धरून आले. अन् मी त्यांले साधं पाणीही नाही विचारलं."