एकोणीस जानेवारी

"काका, या वयात शर्यत लावणार की काय?" गाडीखालून बाहेर सरकत बुद्धभूषणने विचारले.

बळवंतराव हसले नाहीत. "गाडी मुलाची आहे, सध्या माझ्या ताब्यात आहे. गुरुवारी संग्राम ती चालवणार आहे. त्याच्या आत काम पुरं व्हायला हवं."

फरीदाबादच्या या गॅरेजात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची कामे दूरदूरून येत. बुद्धभूषण मूळचा वर्ध्याचा. गिऱ्हाइकाचे मराठी ऐकून तो खुलला होता. बळवंतरावांनी आणलेला टॉर्क कन्व्हर्टर त्याने खोक्यातून काढला. खोक्यावरचा पत्त्याचा कागद आधीच कुणीतरी सोलून टाकला होता.

"इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये खरं तर नुसतं या कन्व्हर्टरमधलं तेल असतं," तो म्हणाला. "एकाचं फिरणं दुसऱ्याला तेलातून पोचतं. कंपनीचा कन्व्हर्टर लगेच ओढ घेतो. हा इंजिनाला आधी मनसोक्त फिरू देतो, मग एकदम झेप. पोरं त्यासाठीच बसवून घेतात."

"ब्रेकवरचा पाय नुसता उचलला, तर? आत्ता गाडी आपोआप पुढे सरकते."

"ते फार कमी होईल."

"आमच्या आर. के. पुरमच्या पार्किंगला भिंतीकडे किंचित चढ आहे."

"मग तर बिल्कुल नाही. ॲक्सिलरेटर दाबल्याशिवाय जागची हलणार नाही."

बळवंतरावांनी हे वाक्य त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतले. उभा जन्म सरकारी टिपणे तपासण्यात गेलेल्या माणसाची सवय, असे बुद्धभूषणला वाटले.

"मुलगा खूश होईल, काका."

"फेब्रुवारीत त्याची आई, हेमलता, गेली. तेव्हापासून आठ महिने तो माझ्याशी बोललेला नाही." बळवंतराव दाराबाहेरच्या पांढुरक्या उन्हाकडे पाहत राहिले. "पूर्वी तो यायचा तेव्हा मी बाल्कनीत असायचो. नुसत्या आवाजावरून मला कळायचं, त्याचा पाय कुठल्या पेडलवर आहे. आता एवढंच हवंय, त्यानं माझ्याशी एक वाक्य बोलावं. खरं वाक्य."

बुद्धभूषणने कोरणी उचलली. बसवलेल्या प्रत्येक भागावर आपली आद्याक्षरे आणि तारीख कोरायची, हा त्याचा नेम होता.

"तारीख एकोणीस जानेवारी घाला," बळवंतराव म्हणाले. "त्याचा वाढदिवस."

"बारा वर्षांत मी खोटी तारीख घातलेली नाही."

"खोटी कशी? त्या दिवसासाठीच हेमलतानं हा मागवला होता. बसवायचा राहून गेला."

कोरणी क्षणभर अधांतरी थांबली. आईची राहून गेलेली भेट. तिच्यापुढे नेमाचे काय? त्याने जानेवारी कोरला.

काढलेला जुना कन्व्हर्टर गिऱ्हाईक सहसा घेऊन जाते. बळवंतरावांनी तो भंगारात टाकायला सांगितला, आणि टाकेपर्यंत ते उभे राहिले.

गुरुवारी सकाळी आर. के. पुरमच्या पार्किंगमध्ये दोन पोलीस, न्यायालयाने नेमलेले तज्ज्ञ आणि संग्रामचे वकील जमले होते. भिंतीचा रंग गुडघ्याच्या उंचीवर आडवा खरवडला गेला होता. संग्राम स्टिअरिंगमागे बसला. आठ महिने तो एकच जबाब देत आला होता: मी फक्त ब्रेकवरचा पाय उचलला, गाडी आपोआप सरकली, आई भिंतीपाशी उभी होती.

त्याने गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि ब्रेकवरचा पाय उचलला.

गाडी जागची हलली नाही.

तज्ज्ञ गाडीखाली गेले. झाकण काढल्याचा आवाज आला, मग टॉर्चच्या उजेडातून त्यांचा स्वर. "कन्व्हर्टर बदला हुआ है। तारीख खुदी है, उन्नीस जनवरी। यानी हादसे से तीन हफ्ते पहले।"

संग्राम खाली उतरला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"बाबा," आठ महिन्यांनी तो वडिलांशी बोलला, "हा पार्ट तेव्हा गाडीत नव्हता."

वाक्य खरे होते. बळवंतरावांनी एकदा वर बाल्कनीकडे पाहिले; त्या दिवशीही गाडीचा आवाज त्यांनी तिथूनच ऐकला होता. मग ते पोलिसांकडे वळले.

"था," ते म्हणाले.