अबोलीच्या जागी गवत

अबोली काढून शोभेचं गवत लावण्यात निशिकांतचा फायदाच होता. अबोलीला रोज पाणी, सारखी छाटणी; गवतावर अधूनमधून पाइप फिरवला की झालं. शिवाय फुलं नाहीत म्हणजे आईकडून गजरे गुंफून घ्यायला दुपारभर ओसरीवर जमणाऱ्या बायकांची कलकलही नाही. वर चांगुलपणा मिळणार, तो वेगळाच.

वडील जाऊन दीड महिना झाला होता. मामाने आईला चार दिवस माहेरी नेलं होतं. "माळता येत नाहीत ती फुलं तिने रोज कशाला बघायची?" नर्सरीत तो बायकोला म्हणाला. तिचे डोळे लगेच भरून आले. "किती विचार करतोस रे तिचा!"

आई परतली तेव्हा कुंपणाशी जांभळ्या तुऱ्यांचं गवत डुलत होतं.

"आणि अबोली?"

"काढली. तुझ्यासाठीच, आई. बघून त्रास झाला असता तुला."

"अरे, माळायची मी बंद झाले. गुंफायची कुठे बंद झाले होते?"

निशिकांतने तिची पिशवी उचलली आणि आत नेली.

दुपारी शेजारची वासंती फाटकाशी आली. "काकी, गवत झकास दिसतंय हो!" म्हणाली. मग आत यायला काही निमित्त सापडेना, तशी फाटकातूनच परतली. बाकीच्या तेवढ्याही आल्या नाहीत.

गवत फोफावलं, पाण्याचा व्याप वाचला, ओसरी शांत झाली. निशिकांतचं यात काहीच गेलं नाही. गेल्या त्या आईच्या दुपारी.