काचेच्या कपाटातला समुद्र

"हे खरं असेल ना काका, तर सात वर्षांपर्यंत आत जाल," वनविभागाच्या तनुजा मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी काचेचं कपाट उघडलं.

पुंजारामला सात वर्षांपेक्षा 'खरं असेल तर' हेच जास्त झोंबलं. हडको वसाहतीतल्या त्याच्या घराच्या बैठकीत, त्या कपाटात त्याचा अख्खा समुद्र मांडलेला होता. ताटलीएवढा तारामासा, काटे फुलवून टम्म फुगलेला मासा आणि मधोमध काळ्या प्रवाळाचं जाळीदार झाड. सगळं गोकुळनं पाठवलेलं. एकुलता एक पोरगा तीन वर्षांपासून जहाजावर होता. सुट्टी मिळत नव्हती, फोनवर नुसती खरखर. पण दर सहा महिन्यांनी पार्सल ठरलेलं.

पहिल्या पाहुण्याला पुंजारामनं सांगितलं, पोरानं ते झाड तीस फूट बुडी मारून काढलं. दिवाळीपर्यंत ते तीनशे फूट खोल गेलं. गुढीपाडव्याला तर त्याच्यापायी शार्कशी झटापट झाली. ही हकिकत फोटोसकट भावकीच्या ग्रुपवर गेली आणि फिरत फिरत मॅडमच्या मोबाईलवर आली.

"असलं प्रवाळ काढणंही गुन्हा, ठेवणंही गुन्हा. मुलानं काढलंय ना? जहाजाचं नाव सांगा."

पुंजारामच्या डोक्यात एकच आलं. पोरगं बंदरावर उतरलं, की धरतील.

"पोराचा काय संबंध? म्या काढलं."

"तुम्ही? पोहता येतं?"

"लई!" गावाकडं, पिशोरच्या विहिरीत ज्यानं कधी गुडघाही भिजवला नव्हता, तो पुंजाराम म्हणाला. त्यानं दोन्ही हात पुढं केले. "घाला बेड्या. पण त्याला काय इचारू नका."

स्वयंपाकघराच्या दारात त्याच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं पदर तोंडाला लावला.

मॅडमनी टाचणी तापवली, झाडाच्या बुंध्यात खुपसली आणि वास घेतला. "खरं असतं, तर केस जळाल्यासारखा वास आला असता. हे प्लास्टिक आहे, काका. इथं जवळच, चितेगावच्या एका कारखान्यात ओततात असली." तारामासा आणि फुगलेला मासाही तसलेच निघाले. हसू दाबत मॅडम गेल्या.

सुटल्याचा आनंद पुंजारामला झालाच नाही. तो मटकन खाली बसला.

"कोण्या तरी बंदरावर माह्या लेकराला फसवलं गं. फोन आला तर त्याला सांगू नको. जिवाला लावून घेईल."

मनकर्णाबाईला ते ऐकवेना.

"अवो, त्याला कुणी नाय फसवलं. तो जहाजावर गेलाच नाय. मुंबईतच जहाजाच्या परीक्षेत नापास झाला, अन् तवर तुमी साऱ्या पिशोरात पेढे वाटले व्हते. चितेगावच्या त्याच कारखान्यात हाय तो."

पुंजारामनं उठून कपाटाचं दार लावलं.

"तीन वर्षं झाली, त्याचं तोंड पाह्यलं नाय म्या. तू तरी पाह्यलं का?"

ती भिंतीकडं बघत म्हणाली, "दर गुरुवारी येतो जेवायला. तुमी भजनाला गेले की."